यल्लाप्पाचे चौदावे वर्ष

गुरुवार, १९ जून २०१४. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. ओतकामाच्या शेडमध्ये त्या वेळी आम्ही बावीस जण होतो आणि तेविसावा माणूस दारात उभा राहून बुटांत शिरलेली वाळू झटकत होता.

“हेरवाडेसाहेब कोण?” त्याने विचारले.

“मी. या आत. डाव्या बाजूला पाय देऊ नका, त्या साच्यांच्या पेट्या अजून गरम आहेत.”

तो परिवीक्षा अधिकारी होता. समीर भोसेकर. वय तिशीच्या आतले, खांद्याला कापडी पिशवी, बोलणे मऊ. माझ्या कचेरीत खुर्ची देऊ केली तर म्हणाला, “नको सर, मला शेडमध्येच बसायचंय. माणूस जिथे काम करतो तिथेच त्याची माहिती मिळते.” मला ते पटले. त्या वेळी त्याच्याविषयी माझे मत चांगले झाले होते, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तो येण्याच्या दोन दिवस आधी न्यायालयाने आमच्या यल्लाप्पा तळवारला दोषी धरले होते. घटना वीस महिन्यांपूर्वीची. भंगार घेऊन आलेल्या ट्रकच्या चालकाने आमच्याकडे वाळू चाळणाऱ्या आक्काताईंना, त्या वाटेत बसल्या होत्या एवढ्यावरून, दंडाला धरून फरफटत बाजूला ओढले. साठीची बाई चाळणीसकट तोंडावर पडली. यल्लाप्पाने चालकाला दोन ठोसे मारले. पहिल्याने तो खाली बसला, दुसऱ्याने त्याचा जबडा मोडला. दुसरा ठोसा मारायला नको होता. हे सर्वांत आधी यल्लाप्पानेच पोलीस ठाण्यात सांगितले आणि पुढे न्यायालयातही ते नाकारले नाही. चालक तडजोडीला तयार नव्हता. जबर दुखापतीचे कलम लागले आणि सिद्ध झाले, त्याविषयी माझी तक्रार नाही.

प्रश्न उरला होता तो एवढाच, की यल्लाप्पा तुरुंगात जाणार की चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी येणार. पहिलाच गुन्हा असेल तर कायदा ही दुसरी वाट मोकळी ठेवतो. ती द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांनी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला होता. म्हणजे यल्लाप्पाचे पुढचे दिवस कसे जाणार, हे बऱ्याच अंशी या कापडी पिशवीवाल्या तरुणाच्या हातात होते.

सकाळीच मी सगळ्यांना एकत्र करून बजावले होते, “विचारतील तेवढेच सांगायचे. कामाविषयी बोलायचे. पाल्हाळ लावायचा नाही.” सगळ्यांनी माना हलवल्या. केरबा मिस्त्रीने सर्वांत जोरात हलवली.

केरबा आमचा मुख्य साचेकार. मी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन या कारखान्यात पाऊल ठेवले तेव्हा मला पेटीत वाळू ठोकायला त्यानेच शिकवले. त्याचे डोळे अधू होत चालले होते आणि दिवाळीपासून त्याची जागा यल्लाप्पाला द्यायची असे मालकांशी बोलून मी ठरवले होते. यल्लाप्पाला भट्टीजवळ पहिल्यांदा उभे केले तेही केरबानेच. स्वतःच्या मुलावर नसेल एवढा त्याचा जीव त्याच्यावर होता.

भोसेकर एका उलट्या पेटीवर बसले. माणसे भोवती जमली. यल्लाप्पा दहा हातांवर पाठमोरा वाळू ठोकत होता.

“कामाला कसा आहे?”

“त्याच्या हातचं कास्टिंग गिऱ्हाइकाकडनं परत आल्यालं मी तरी बघितलं न्हाई,” केरबा म्हणाला.

“खाडे?”

“लगीन झालं तवा दोन दिवस. पोरगी झाली तवा एक. बायकू म्हणाली बी आसंल, अजून एक दिवस ऱ्हावा, पर ह्यो गडी ऐकतोय व्हय.”

माणसे हसली. भोसेकरही हसले. “तापट आहे का?”

“तापट?” केरबाने तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. “साहेब, सारा दिवस भट्टीम्होरं उभं ऱ्हायल्यालं माणूस थंडगार कुठनं असणार वो? राग येतोय. पर गिळतोय. नऊ वर्सांत एकदाच गिळला न्हाई, त्ये ह्ये असं झालं.”

उत्तर नेमके होते. मुलाखत इथे संपली असती तर बरे झाले असते. भोसेकर पिशवी उचलून उठणार तेवढ्यात केरबा म्हणाला, “आनी त्यो कुठनं कुठं आला, त्ये ठावं हाय का तुमास्नी?”

“केरबा,” मी म्हणालो, “साहेबांना अजून त्याच्या घरी जायचंय. उशीर होतोय.”

“नाही नाही,” भोसेकर पुन्हा बसले. “बोलू द्या त्यांना.”

मग केरबाने ती गोष्ट सांगितली.

ती गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाला पाठ होती. दरवर्षी खंडेनवमीला आम्ही हत्यारे धुऊन मांडायचो, भट्टीला हार घालायचो, कोहळा फोडायचो आणि मग शेडमध्येच पंगत बसायची. कामगारांच्या बायकामुलेही यायची. जेवणे उरकली की केरबा उठून उभा राहायचा आणि त्या वर्षी नव्याने लागलेल्या माणसांकडे बघून म्हणायचा, “ह्या यल्लाप्पाकडं बघा. ह्यो कोन हुता, सांगू?” आणि सांगायचा.

चौदाव्या वर्षी यल्लाप्पा गावातल्या दोन थोराड उनाडांच्या नादी लागला. तिघे नदीकाठच्या पंपघरात तांब्याची केबल तोडायला गेले. म्हातारा रखवालदार जागा झाला. त्या दोघांपैकी एकाने त्याच्या डोक्यात पाना घातला आणि दोघे पळाले. यल्लाप्पा पळाला नाही. त्याने अंगातला सदरा काढून म्हाताऱ्याच्या डोक्याला बांधला आणि पोलीस येईपर्यंत तो दाबून धरून बसला. त्यामुळेच तो सापडला. ते दोघे कधी सापडलेच नाहीत. बाल न्याय मंडळाने त्याला एक वर्ष सुधारगृहात ठेवले. बाहेर पडल्यावर पुढची तीन वर्षे त्याला कुणी दारात उभे केले नाही. अठरा पुरी झाली तेव्हा केरबाने त्याला आमच्याकडे आणले.

“आनी आज बघा,” केरबा भोसेकरांना म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते, दरवर्षी या ठिकाणी पाणावायचे तसेच. “तुरुंगातनं आल्यालं पोर. आज माज्या जागंवर बसायच्या लायकीचं झालंय. असला माणूस आत टाकू नका, येवडंच सांगतो.”

“सुधारगृह, केरबाकाका. तुरुंग नव्हे,” भोसेकर म्हणाले.

“तेच की वो.”

भोसेकरांनी बरेच काही लिहून घेतले. मग यल्लाप्पाला बोलावले. तो हात पुसत आला.

“हे खरं आहे?”

“व्हय.”

“तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे याचा.” भोसेकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

यल्लाप्पाने त्या हाताकडे पाहिले. “वाळू सुकायला लागलीया, साहेब,” तो म्हणाला. “जाऊ का?”

संध्याकाळी मी आमच्या वकिलांना, शुभदा मगदूम यांना, फोनवर सगळी हकीकत सांगितली. केरबाची गोष्टही सांगितली.

“हे बोलायला नको होतं, साहेब.”

“पण खरे आहे ते. आणि त्यात त्याचा चांगुलपणाच दिसतो.”

“खरं असू दे. अल्पवयीन असतानाचं प्रकरण कायद्यानं संपलेलं असतं. मंडळानं त्याचे कागदसुद्धा नष्ट करायला लावलेत, मी मागच्याच महिन्यात खात्री करून घेतली. पोलिसांकडे काही नाही, कोर्टाकडे काही नाही. कोऱ्या पाटीनं उभा होता तो. आणि त्या जुन्या गोष्टीमुळे मोठेपणी त्याचं काडीचंही नुकसान होता कामा नये, असं कायदा म्हणतो.”

“मग भोसेकरांना ते माहीत असणार.”

“असायला हवं. मी बोलते त्यांच्याशी.”

दुसऱ्या दिवशी मगदूमबाईंचा फोन आला. भोसेकर फारच नम्रपणे बोलले होते. अहवाल पाठवून झाला होता. “पण मॅडम, काळजी करू नका,” असे ते म्हणाले होते, “मी अतिशय चांगला लिहिलाय.”

मंगळवार, १ जुलै. शिक्षेच्या प्रश्नावर सुनावणी होती. न्यायालयाच्या मागच्या बाकावर मी, केरबा आणि यल्लाप्पाची बायको रेणुका असे तिघे बसलो. यल्लाप्पा पुढे, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभा होता.

आमच्या आधी दुसरे एक प्रकरण पुकारले गेले. एका वाहतूकदाराचा पुतण्या. गाडी लावण्याच्या जागेवरून भांडण झाले आणि त्याने शेजाऱ्याचा हात काठीने दोन ठिकाणी मोडला. कलम तेच. दोष सिद्ध झालेला. सरकारी वकील बसल्या जागेवरून म्हणाले, “पूर्वीचं काही नाही, सर.” अहवाल अनुकूल होता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला बंधपत्रावर सोडले. जखमीला भरपाई द्यायला सांगितले. तो बाहेर जाताना खिशातून फोन काढत होता. मला त्याचा राग आला नाही. उलट मी रेणुकाकडे वळून म्हणालो, “बघ, असंच आपलं होईल.”

मग आमचे प्रकरण पुकारले गेले. या वेळी सरकारी वकील उठून उभे राहिले.

मगदूमबाईंनी थोडक्यात आणि चांगले मांडले. पहिला गुन्हा, ओढलेली म्हातारी, कबुली, नऊ वर्षांची नोकरी, बायको, पाच वर्षांची मुलगी. अहवालात बंधपत्रावर सोडण्याची शिफारस होती, तीही त्यांनी वाचून दाखवली.

“पहिला गुन्हा,” सरकारी वकील म्हणाले, “असं माझ्या विद्वान मैत्रीण म्हणतात. त्यांनी वाचला त्याच अहवालाचा चौथा परिच्छेद मी वाचतो.”

आणि त्यांनी वाचला. केरबाची गोष्ट भोसेकरांच्या शुद्ध मराठीतून आली. पंपघर, केबल, पाना, रखवालदाराच्या डोक्याला पडलेले टाके. म्हाताऱ्याच्या डोक्याला बांधलेल्या सदऱ्याचे वाक्य आले तेव्हा सरकारी वकिलांनी ते वगळून पुढचे वाक्य घेतले.

“माझी हरकत आहे,” मगदूमबाई उठल्या. “हे वाचताच येत नाही. बालवयातलं प्रकरण आहे, त्याचे कागद कायद्यानं नष्ट झालेत. त्याचा आधार घेऊन—”

“मी कागद कुठे वाचतोय?” सरकारी वकील म्हणाले. “मी आरोपीच्या बाजूनं दिलेला अहवाल वाचतोय. चौदाव्या वर्षी एका माणसाचं डोकं, पंचविसाव्या वर्षी दुसऱ्याचा जबडा. न्यायालयानं हेही लक्षात घ्यावं, की आरोपीनं हे परिवीक्षा अधिकाऱ्यासमोर मान्य केलंय.”

“डोकं त्यानं फोडलं नव्हतं,” मगदूमबाई म्हणाल्या. “ज्यांनी फोडलं ते पळाले. हा जखम दाबून बसला. तेही त्याच परिच्छेदात आहे.”

न्यायदंडाधिकाऱ्यांनी हात वर केला. “मॅडम, आपली हरकत नोंदवून घेतो. बालवयातलं प्रकरण हे न्यायालय विचारात घेत नाही.”

रेणुकाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, की बरे झाले. मग न्यायदंडाधिकारी लघुलेखकाकडे वळून आदेश सांगू लागले. कृत्याचे गांभीर्य. जखमीला झालेला त्रास. “आणि आरोपीची एकंदर हिंसक प्रवृत्ती पाहता त्यास परिवीक्षेचा लाभ देणे न्यायोचित वाटत नाही.” अठरा महिने सक्तमजुरी.

मी आयुष्यभर आराखडे काढले. एका बिंदूतून रेषा कुठल्याही दिशेने जाऊ शकते. दिशा ठरवायची तर दुसरा बिंदू लागतो. एका दुपारी मारलेल्या दोन ठोशांतून कुणाला ‘एकंदर प्रवृत्ती’ दिसत नसते. त्यासाठी दुसरी काहीतरी गोष्ट शेजारी ठेवावी लागते, आणि या खोलीत तशी गोष्ट एकच होती. ती विचारात घेत नाही म्हणून सांगायचे आणि तिच्यावरून रेषा ओढायची, हे न्यायासनावरच्या त्या माणसाने आमच्या देखत, आवाज न चढवता, चार वाक्यांत केले. आदल्या प्रकरणात दोन ठिकाणी मोडलेल्या हातातून त्याला प्रवृत्ती दिसली नव्हती. या गोष्टीला आता दहा वर्षे होऊन गेली. माझा संताप त्या दिवशी जेवढा होता तेवढाच आजही आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

बाहेर व्हरांड्यात मी सरकारी वकिलांना अडवले.

“तुम्हाला कायदा माहीत होता,” मी म्हणालो.

“आजोबा, माझं काम आहे ते.”

“ते प्रकरण उकरून काढणे हे तुमचे काम?”

ते थांबले. त्यांना माझी कीवच आली असावी. “उकरायला होतं काय तिथे? पोलीस ठाण्यात मी दोनदा विचारलं. एक ओळ नाही सापडली. जिल्ह्यात एक कागद नव्हता.” त्यांनी माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या केरबाकडे बोट केले. “तुमच्या माणसांनी सांगितलं. स्वतःहून, भरल्या डोळ्यांनी. अहवालातच लिहिलंय तसं.”

ते गेले. भोसेकर जिन्याजवळ उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

“सर, मी शिफारस केली होती. तुम्ही ऐकलीत ना? मी चांगल्यासाठीच लिहिलं. सुधारणेचं इतकं सुंदर उदाहरण मला नोकरीत मिळालं नव्हतं.”

“भोसेकर,” मी म्हणालो, “मुलांची प्रकरणे कायद्याने संपवायची असतात, हे ज्या थोड्या लोकांना शिकवून नोकरीवर ठेवतात त्यांत तुम्ही आहात. एका निरक्षर माणसाने बोलून टाकले ते पुसायचे काम तुमचे होते. तुम्ही ते शुद्ध करून लिहिलेत.”

“पण ते खरं होतं, सर.”

जवळजवळ याच शब्दांत हेच मी मगदूमबाईंना ऐकवले होते. मी वळलो.

केरबा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. टोपी त्याच्या हातात होती. “साहेब,” तो म्हणाला, “त्या वकिलानं सदऱ्याचं का न्हाई वाचलं? सदऱ्यासाठी तर म्या समदं सांगत हुतो.”



मगदूमबाई लगबगीने आल्या. त्यांच्या हातात अर्ज तयार होता. “साहेब, वेळ घालवू नका. अपिलासाठी शिक्षा स्थगित करून मागू, जामीन आजच मिळेल. आणि अपील आपण जिंकतो. ‘प्रवृत्ती’ आली कुठून, हे वरच्या कोर्टाला एका मिनिटात कळेल. इतका भक्कम मुद्दा मला आजवर मिळाला नाही. फक्त त्याची सही हवी.”

व्हरांड्याच्या टोकाला एका बाकावर हवालदार आणि त्याच्या शेजारी यल्लाप्पा बसला होता. रेणुका समोर उभी होती. हवालदार भला माणूस होता. आम्हाला पाहून तो जरा सरकून बसला आणि तोंड दुसरीकडे फिरवले.

“यल्लाप्पा, यावर सही कर,” मी म्हणालो. “आज संध्याकाळी घरी जाशील.”

त्याने कागद हातात घेतला नाही. “अपील कशावर, साहेब?”

“तुझे लहानपणचे प्रकरण वाचले, त्यावर. ते वाचायला नको होते.”

“मंजी वरच्या कोर्टात परत त्येच वाचनार.”

“वाचावे लागेल. पण आपल्या बाजूने वाचतील.”

“पेपरात येईल का?”

मगदूमबाई म्हणाल्या, “निकाल महत्त्वाचा ठरला तर येईल. पण यल्लाप्पा, तुझं नाव छापता येत नाही तशा प्रकरणात. आणि आलंच तरी तू जिंकलास असं येईल.”

“नाव कशाला छापाय पायजे, मॅडम. आमच्या गल्लीत कळतंय की कोन त्ये.” तो माझ्याकडे वळला. “ऱ्हाऊ द्या, साहेब.”

“ऱ्हाऊ द्या म्हणजे? अठरा महिने आहेत ते. वेड लागलंय का तुला?”

“भोगतो.”

मी रेणुकाला म्हणालो, “तू तरी सांग याला.”

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. इतक्या वर्षांत, बहुधा पहिल्यांदाच, ती माझ्याकडे सरळ पाहून बोलली. “दर खंडेनवमीला घरी आल्यावर ह्ये जेवत न्हाईत, साहेब. अंथरूण टाकून भिंतीकडं तोंड करून झोपत्यात. म्या इचारलं तर म्हनायचे, पोट भरलंय पंगतीत. पंगतीत बी जेवत न्हाईत, म्या बघितलंय.”

“मला हे कधी सांगितले नाहीस,” मी यल्लाप्पाला म्हणालो.

“काय सांगायचं? केरबाकाका रडत्यात सांगताना. त्यास्नी गप बसा म्हनू?”

“पण हा प्रश्न वेगळा आहे. तिथे ते चांगले म्हणून सांगत होते. इथे या वकिलाने—”

“साहेब.” त्याने मला थांबवले. मला मध्येच थांबवण्याची त्याची ती पहिली वेळ. “वकिलानं सांगितलं वाईट म्हनून. भोसेकरसाहेबांनी लिवलं चांगलं म्हनून. काका नऊ वर्सं सांगत्यात कौतिकानं. आता ह्या मॅडम सांगनार सोडवायसाठी. कुनी कशासाठी सांगितलं, त्ये सांगणाऱ्याला ठावं. माज्या अंगावर पडतंय त्ये एकच पडतंय. सुधारगृहातनं सुटलो तवा तिथला साहेब म्हनला हुता, जा, आता तुजं काय बी शिल्लक न्हाई, समदं पुसलं. म्या म्हनलं बरं झालं. आनी मग तुमच्याकडं आलो.”

त्या ‘तुमच्याकडं’मध्ये आरोप नव्हता. त्यामुळेच तो मला चुकवता आला नाही.

“पोरगी हाय पाच वर्सांची,” तो म्हणाला. “मागच्या खंडेनवमीला काका सांगत हुते तवा आयच्या मांडीवर बसली हुती. समजलं न्हाई तिला, झोपली. पुढच्या वक्ताला समजंल. आता वरच्या कोर्टात न्हेलं, ते वरीस दीड वरीस चालंल, तवर साऱ्या गावाला नव्यानं तोंडपाठ होईल. जबडा मोडला म्हनून बाप आत गेला, ह्ये मी सांगीन तिला. केलंय म्या. त्ये माजं हाय. पर चौदाव्या वर्साचं न्हाई सांगायचं. कुनीच न्हाई.”

“यल्लाप्पा,” मगदूमबाई म्हणाल्या, “अरे, हक्क आहे तुझा तो.”

“व्हय ना? मग माजा म्हनूनच ऱ्हाऊ द्या.”

त्याने मग केरबाकडे पाहिले. केरबा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला अजून उकिडवाच होता. “काकांना काय बोलू नका,” यल्लाप्पा म्हणाला. “आनी आक्काताईस्नी त्या वाटेवर बसवू नका.”

हवालदार उठला. यल्लाप्पाही उठला. अर्जावर सही झाली नाही.

मी तो अर्ज घरी आणला आणि महिनाभर, अपिलाची मुदत संपेपर्यंत, रोज टेबलावर ठेवला. दोनदा तुरुंगात भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्याने कामाचे, वाळूचे, पावसाने शेड गळते का ते विचारले. तिसऱ्या भेटीत मी अपिलाचा विषय काढला, त्यानंतर त्याने रेणुकाकरवी निरोप पाठवला की साहेबांनी येवढ्या लांब यायची तसदी घेऊ नये.

त्या वर्षी खंडेनवमीला कोहळा फुटला, पंगत बसली, जेवणे झाली. नवीन लागलेल्या दोघांनी अपेक्षेने केरबाकडे पाहिले, कारण इतरांनी त्यांना आधीच सांगून ठेवले होते की मिस्त्री काहीतरी सांगतात. केरबा पाणी पिऊन उठला आणि हात धुवायला निघून गेला. दिवाळीनंतर त्याने काम सोडले. त्याच्या जागेवर मी बाहेरून माणूस आणला.

यल्लाप्पा सुटला तो ऑक्टोबर २०१५ मध्ये. आमच्याकडे परत आला नाही. मी निरोप धाडला, मालकांनीही धाडला. बायको आणि मुलगी घेऊन तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला, हे मला कळले ते तिथल्या एका ओतशाळेच्या व्यवस्थापकाचा फोन आला तेव्हा.

“तळवार म्हणून एक साचेकार आलाय. तुमचं नाव सांगतो. कसा आहे?”

“त्याच्या हातचे कास्टिंग परत येत नाही.”

“मध्ये दीडेक वर्ष काम नाही दिसत.”

“कैद होती. आमच्या आवारात एकाचा जबडा मोडला होता त्याने. त्या माणसाने एका म्हातारीला फरफटत ओढले होते.”

“हं. तेही त्यानं सांगितलं.” त्यांनी पुढे विचारले, “आणि त्याच्या आधीचं काही? म्हणजे, आमच्याकडे बायका-मुलं आहेत कामाला, म्हणून विचारतो. तुम्ही त्याला पहिल्यापासून ओळखता.”

“पहिल्यापासून ओळखतो,” मी म्हणालो. “त्याच्या आधीचे काही नाही.”

त्यांनी त्याला ठेवून घेतले.

शिक्षा अठरा महिन्यांची होती. माफीचे दिवस वजा जाता भोगलेली कैद पंधरा महिने.